अंदाज चुकला की येणाऱ्या विहीणबाई

या, असं जवळ या. ती खुर्ची राहू द्या, ओट्यावरच टेका माझ्याशेजारी. आणि तो मोबाइल आधी पालथा घाला बघू. मघापासून बघतेय, त्यातल्या ढगाच्या चित्राकडं बघून तुम्ही हवामानवाल्यांच्या नावानं बोटं मोडताय. "हे म्हणाले पाऊस, आणि पडलं कडकडीत ऊन!" असं म्हणायला तुमचं काय जातं हो? तुम्ही कधी हवामानवाल्या माणसाशी सोयरीक केलीय का? मी केलीय. म्हणून सांगते, आमच्या विहीणबाई, म्हणजे माझ्या थोरल्या सुनेची आई, ही बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतली सगळ्यांत खरं बोलणारी आणि त्यामुळंच सगळ्यांत जास्त बोलणी खाल्लेली बाई आहे. ही बाई आयुष्यभर मान वर करून चालली. अभिमानानं नव्हे, ढग बघायला. त्यापायी ती दोनदा आमच्या उसाच्या सरीत पडली, एकदा भवानीनगरला उसाच्या बैलगाडीला धडकली आणि वर त्या बैलांचीच माफी मागून आली.

विहीणबाई बारामतीला हवामानाच्या कचेरीत शास्त्रज्ञ आहेत. वातावरणाचा अभ्यास करून मोठी पदवी घेतलेली बाई. दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्या शेतकऱ्यांसाठी पत्रक काढतात. पाऊस किती, वारा कुठून, फवारणी करावी की थांबावं, असं सगळं त्यात असतं आणि ते गावोगाव मोबाइलवर जातं. या कामामुळं त्यांच्या जिभेला एक सवय लागलीय. कुठल्याही प्रश्नाला त्या हो म्हणत नाहीत आणि नाहीही म्हणत नाहीत. टक्के सांगतात.

आम्ही मुलगी बघायला गेलो तेव्हाची गोष्ट. आमचे आबा, म्हणजे माझे मालक (सगळा गाव आबा म्हणतो, म्हणून लिहिताना मीही आबाच म्हणते), पोह्यांची बशी हातात घेऊन म्हणाले, "मुलीला सैपाक येतो न्हवं?" आता कुठलीही मुलीची आई या प्रश्नाला पुरणपोळीपासून सुरुवात करून बासुंदीपर्यंत जाते. विहीणबाईंनी मात्र डोळे मिटून विचार केला. म्हणाल्या, "साधा स्वयंपाक नव्वद टक्के. पुरणपोळी तीस टक्के, आणि तीही तुरळक ठिकाणी जाड होण्याची शक्यता आहे." मला तर ठसका लागला. मग मी जरा ठसक्यातच विचारलं, "आणि आमचा मुलगा? तो पसंत आहे का तुम्हाला?" "पंचाहत्तर टक्के." "उरलेल्या पंचवीसाचं काय?" तर म्हणतात, "ते अजून दिसले कुठं, ताई?" मी आबांकडं बघितलं, की आता हे उठणार. तर आबा मांडी बदलून ऐसपैस बसले आणि माझ्या कानाशी म्हणाले, "आई खोटं बोलत न्हाय, म्हंजी लेक बी बोलायची न्हाय. ठरवून टाक." तशी ही सोयरीक ठरली. पुरणपोळीचा अंदाज मात्र तंतोतंत बरोबर निघाला, तुरळक ठिकाणांसकट.

लग्नाआधी एकदा त्यांची कचेरी बघायला गेले होते. आवारात हिरवळीवर चार पायांवर उभी केलेली, पांढऱ्याशुभ्र रंगाची, झडपा झडपांची एक लाकडी पेटी दिसली. मी म्हटलं, "अगं बाई, खुराडं किती देखणं केलंय! कोंबड्या कुठं सोडल्यात?" त्यात हवेचं तापमान मोजायच्या नळ्या असतात, हे मला तेव्हा काय माहीत! विहीणबाई इतक्या हसल्या की त्यांना हिरवळीवर बसावं लागलं. मग त्यांनी ते दार उघडून दाखवलं. पण उघडताना श्वास रोखला. आपल्या तोंडाची वाफ लागली तरी आतलं माप बिघडतं म्हणून पटकन वाचायचं, दार लावायचं आणि मग श्वास सोडायचा, असा त्यांचा नेम. एवढं ठीक आहे. पण ही बाई आता श्वास रोखल्याशिवाय कुठलंच दार उघडत नाही. आमच्याकडं आल्या की फ्रीज श्वास रोखून उघडतात, धान्याची कोठी श्वास रोखून उघडतात. एकदा भाताच्या पातेल्यावरचं झाकण श्वास रोखून उचललं, तोच माझ्या धाकट्या जावेनं विचारलं, "भात झाला का हो?" उत्तर येईना. डोळे मोठे, गाल फुगलेले. जावेला वाटलं, बाईला झटका आला! तिनं पाठीत असा धपाटा घातला की विहीणबाई पातेल्यासकट पुढं गेल्या. झाकण लावल्यावरच त्या बोलल्या, "झालाय. पंच्याऐंशी टक्के."

लग्नाचं सांगते. वैशाखातलं लग्न, भर दुपारची अक्षता, वस्तीसमोरच्या मोकळ्या रानात मांडव. सकाळी हळद लागलेल्या लेकीला सोडून ही बाई बारामतीला माप वाचायला जाऊन आली. आली ती तोंड गंभीर करूनच. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ताई, अक्षतेच्या वेळेलाच वादळ आहे. सत्तर टक्के. माणसं उपाशी भिजण्यापेक्षा आधी पंगती उठवून घ्या." विहीण सांगतेय आणि शास्त्रज्ञ सांगतेय, मग मी कोण मोडणारी? आचाऱ्याला हाक मारली, पंगती बसवल्या. आता आपल्याकडच्या माणसाचं एक आहे. त्याचा हात धुऊन झाला की त्याच्या दृष्टीनं लग्न लागलं. बुंदी खाल्ली, मठ्ठा प्याला, टोपी घातली आणि जो तो आपापल्या गाडीला लागला. अक्षतेच्या वेळी आकाश निळंभोर, वाऱ्याची झुळूक नाही, आणि मांडवात नवरा-नवरी, भटजी, वाजंत्री आणि घरची चार डोकी. मंगलाष्टका म्हणायला भटजींना हुरूप येईना. अक्षता मात्र भरपूर उरल्या होत्या, म्हणून आम्ही दोन्ही हातांनी टाकल्या. सगळे वधूवरांकडं बघत होते आणि विहीणबाई तेवढ्या ईशान्येकडं बघत होत्या, हातात अक्षता तशाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात स्कूटर वाजली. बघते तर विहीणबाई! मुलगी दिल्यावर एवढ्या लगेच आई दारात येते का कधी? मला वाटलं, काहीतरी रुसवाफुगवा. तर म्हणाल्या, "अंदाज चुकला ना, बघायला आलेय." मग त्यांनी मला, आबांना, आचाऱ्याला, अगदी शेजारच्या गुराख्यालाही प्रश्न विचारले. ढग कुठं दिसला का, वारा कधी पडला, मुंग्या-बिंग्यांचे शकुन नकोत, वारा सांगा. सगळं ऐकून घेतलं, चहा घेतला आणि समाधानानं गेल्या. तेव्हा मला त्यांची रीत कळली. अंदाज बरोबर आला तर बाई आपल्या जागेवर बसून असते. चुकला की ज्याच्या दारात चुकला त्याच्या दारात जाते. लोक शिव्या देतात, त्या ऐकून घेते. मग विचारते, "वारा कुठून होता?" शिव्या देणारा माणूसही वाऱ्याची आठवण काढता काढता शिव्या विसरतो आणि चहा टाकायला सांगतो.

माळेगावात त्यांची एक ओळखीची बाई आहे. तिनं फोन करून विचारलं, "उद्या कुरडया घालू का वाळत?" विहीणबाईंनी सांगितलं, "साठ टक्के ऊन आहे." दुसऱ्या दिवशी पावसाची सर आली. विहीणबाई नेमाप्रमाणं तिच्या दारात. तर ती बाई तणतणत म्हणते, "तुमचं ऐकूनच केलं की! शंभरातल्या साठ घातल्या बाहेर, चाळीस ठेवल्या घरात. तुमचं ऊन साठाला बी पुरलं न्हाय!" विहीणबाईंनी त्या भिजलेल्या साठातल्या मूठभर तळून मागितल्या आणि तिथंच बसून खाल्ल्या. त्या तेलात कशा उडत होत्या, हे पुढं कितीतरी दिवस सांगत होत्या. त्या दिवसापासून पत्रकात टक्के लिहिले की खाली साध्या भाषेत एक ओळ घालतात, "याचा अर्थ होईल किंवा होणारही नाही." आबा ती ओळ मोठ्यानं वाचतात आणि म्हणतात, "एवढं खरं तर देव बी बोलत न्हाय."

तर अशी ही टक्क्यांची बाई. एकदाच टक्के सोडून बोलली, आणि नेमकं तेच नडलं.

आमची द्राक्षाची बाग आहे, लहानशीच. आबांचा जीव तिच्यात. ऊस काय, तो आपला कारखान्याला जातो. पण द्राक्षाच्या वेलाखाली आबा सकाळी जाऊन नुसते उभे राहतात. मागल्या वर्षी फाल्गुनात घड भरले होते. गोडी उतरायला आठवडा तरी हवा होता. व्यापारी बघून, खुशीत मान हलवून गेला होता. तेवढ्यात विहीणबाई आल्या. काही चुकलं नसताना आल्या, तेव्हाच मी हातातलं काम खाली ठेवलं. चहा घेतला नाही. म्हणाल्या, "आबा, गारपीट येतेय. परवा दुपारनंतर."

"किती टक्के?" आबांनी विचारलं.

विहीणबाईंनी बागेकडं बघितलं, आबांकडं बघितलं, दारात उभ्या असलेल्या लेकीकडं बघितलं. म्हणाल्या, "टक्के राहू द्या आबा. काढून घ्या."

आबा तसेच उठले. म्हणाले, "या बाईच्या तोंडातनं टक्के गेले, म्हंजी कायतरी मोठंच हाय." घरची, वस्तीवरची सगळी माणसं लागली आणि बाग उतरवली. घड आंबट होते. व्यापाऱ्यानं एक मणी तोंडात टाकला आणि त्याचा एक डोळा आपोआप मिटला. थोडं त्यानं उपकार केल्यासारखं नेलं, बाकीचं घरात आलं. लोणचं घातलं, चटणी केली, सरबत केलं, शेवटी आमटीत आमसुलाऐवजी टाकलं.

परवाची दुपार आली. पश्चिमेकडनं ढग उठला. काळाकुट्ट. गडगडायला लागलं. आबा अंगणात आले, आणि काय सांगू, त्यांचा चेहरा खुलला होता! "आली बघ, आली!" म्हणून मला हाक मारत होते. आपल्याच बागेवर गारा पडाव्यात म्हणून हात जोडणारा बागायतदार मी पहिल्यांदाच बघितला. "पाड बाबा, आता पाड!" ढग आमच्या डोक्यावरनं गेला, दोन थेंब टाकले आणि उजनीच्या पाण्याकडं निघून गेला. मागोमाग ऊन पडलं. शेजारच्या बागेतले घड धुऊन पुसून ठेवल्यासारखे चमकत होते. शेजाऱ्यानं कुंपणावरनं हाक मारली, "काय आबा, सोयरीक राखली अन् बाग घालवली!" आबा आत येऊन बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडले.

दुसऱ्या दिवशी स्कूटर वाजली. चाकांना चिखल, साडीला चिखल. विहीणबाई रिकाम्या वेलांखाली जाऊन उभ्या राहिल्या, मग ओट्यावर आल्या. आबा पाठ फिरवून बसलेले.

"आबा, काल ढग दिसला तेव्हा वारा कुठून होता?"

"वारा हुता," आबा भिंतीला म्हणाले. "तोंडातला घास घिऊन गेला."

एरवी याच्यावर दोन प्रश्न आणखी आले असते. त्यांनी मी दिलेला चहाचा कप नुसता हातात धरला. मग म्हणाल्या, "मी उजनीकाठच्या पळसदेवहून येतेय. तिथं पडल्या गारा. एका म्हाताऱ्याची बाग आहे, तुमच्याएवढीच. एक घड राहिला नाही. त्यांनी माझं पत्रक वाचलं होतं. मला म्हणाले, 'बाई, तुमी तुरळक ठिकाणी लिवलं हुतं. मी म्हनलं, आपलं नशीब कुठलं एवढं मोठं, तुरळकात याया.'"

आबा वळले. विहीणबाईंच्या हातातला चहा निवत होता.

"त्यांना मी तुरळक ठिकाणी, सत्तर टक्के असं लिहून दिलं आणि तुम्हाला शब्द दिला. तुम्ही माझे म्हणून. त्यांनी काढली नाही, तुम्ही काढली. सगळ्यांना सारखं सांगायचं असतं, आबा. माझ्या लेकीच्या घरालाही." असं म्हणून त्या उठल्या. कप तसाच भरलेला. इतक्या वर्षांत आमच्याकडं त्यांनी टाकलेला तो पहिला चहा.

त्यानंतर त्या यायच्या थांबल्या. फोन केला की म्हणायच्या, "पत्रकात दिलंय, ताई." टक्के नाहीत, तुरळक नाही, हसणं तर नाहीच. पावसाळा सरत आला. गौरीचा फराळ जावयाच्या हाती पाठवला. सून स्कूटरचा आवाज आला की चुलीपुढनं उठून दारात जायची आणि परत यायची.

त्यात द्राक्षाची छाटणी आली. छाटणी कधी करायची यावर सगळं वर्ष असतं. लवकर केली तर परतीच्या पावसात सापडते. दरवर्षी आबा ती विहीणबाईंना विचारून करायचे. शेजारपाजारच्या बागा छाटून झाल्या, आमची तशीच. मी विचारलं, तर "बघू." परत विचारलं, तर "बघू की गं!" एका सकाळी मात्र धुतलेली टोपी घालून म्हणाले, "चल बारामतीला."

पोचलो तेव्हा विहीणबाई त्या पांढऱ्या पेटीपुढं उभ्या. दार उघडं, श्वास रोखलेला. आबा मागनं म्हणाले, "विहीणबाई, मी आलोय." त्यांनी नुसता हात हलवला. आबांना वाटलं, जा म्हणतायत. "जात न्हाय मी! एवढं भाडं खर्चून आलोय!" त्या आणखी जोरात हात हलवायला लागल्या, गाल लाल. मी आबांची बाही ओढली, "अहो, दम धरा, त्यांनी धरलाय तसा!" दार लागलं. विहीणबाईंनी इतक्या दिवसांचा साठलेला असावा असा श्वास सोडला.

"यंदा छाटायची कधी?" आबांनी विचारलं.

"पत्रकात..."

"पत्रक मला वाचता येतंय. मला तुमचं टक्के पायजेत."

त्या खाली बघत म्हणाल्या, "राग गेला नसेल तुमचा."

"कशाला जाईल? हाय की. साठ टक्के हाय. पर त्यातला निम्मा त्या ढगावर हाय."

विहीणबाई हसल्या. हसता हसता चष्मा काढून पुसायला लागल्या. मग छाटणीची तारीख आणि पावसाचा आकडा सांगितला, आणि बोट उचलून म्हणाल्या, "हाच आकडा मी पळसदेवलाही देणार."

"द्या की. न्हायतर ऱ्हाऊ द्या, मीच देतो. त्या म्हाताऱ्याचा नंबर आना." आबांनी तिथंच फोन लावला. ओळख ना पाळख, आणि आवाज सगळ्या कचेरीला ऐकू जाईल असा. "रामराम पाव्हणं! मी तुमच्यासारखाच एक बुडालेला बोलतोय. हे बगा, तुरळक ठिकाणी लिवलं असलं, की ते कुनाचं तरी घर असतंच. आपलं न्हवं असं समजायचं न्हाय!" आता दर मंगळवारी आणि शुक्रवारी पत्रक आलं की या दोघांचा फोन चालतो. हवामान दोन मिनिटं आणि उरलेला वेळ गुडघेदुखी.

यंदा फाल्गुनात विहीणबाईंनी सांगितलं, "गारपीट दहा टक्के. थांबा, गोडी भरू द्या." आबा थांबले. पळसदेवचे पाव्हणेही थांबले. आकाश कोरडं राहिलं. घडांत गोडी अशी उतरलीय की आबा दिवसातून तीनदा मणी चाखून बघतात आणि मला त्यांना रक्तातली साखर मोजायला न्यावं लागतं.

पण विहीणबाई काही आल्या नाहीत. मी फोन केला, तर म्हणतात, "अंदाज बरोबर आला ना ताई, मग मी येऊन बघू काय?" आबा म्हणाले, "फोन करून सांग, गारा पडल्या. कशी धावत येतीया बघ." मला काही ते जमलं नाही. त्या बाईनं आम्हाला कधी फसवलं नाही, मी कशी फसवू?

आता तुम्ही जरा गप्प बसा. मला त्यांच्याशी बोलायचंय. हे छापून येईल तेव्हा त्या वाचतीलच.

विहीणबाई, चुकलेलं बघायला तुम्ही दारोदार हिंडलात, बुडालेलं बघायला चिखलातनं पळसदेवपर्यंत गेलात. बरोबर आलेलं बघायला तुमचं पाऊल का उचलत नाही? बागेत वेलाखाली बाज टाकून ठेवलीय. खाली बसायचं आणि वर बघायचं, तुमच्या मानेला सवयच आहे. सोमवारी व्यापारी येणार, मग वेल पुन्हा मोकळे होतील. त्याच्या आत या. चहा मी तुम्ही आल्यावरच टाकीन. लवकर या.